भाव पाडायचं भांडण

जहाजावरच्या नाश्त्याला माणसं अशी तुटून पडतात, जणू बंदरावर उतरल्यावर त्यांना जन्मात अन्न मिळणार नाही. माझी धाकटी जाऊ त्यात सगळ्यात पुढे. त्या सकाळी ती दोन ताटल्या गच्च भरून माझ्यासमोर येऊन बसली आणि पावाला लोणी फासता फासता म्हणाली, "ताई, पाटीचा फोटो बघितलात का? सोनेरी अक्षरं घेतलीत. मला निळी आवडली होती, पण आमच्या घरात माझं ऐकतंय कोण!"

"कसली पाटी?"

"दुकानाची. आमच्या चिरंजीवांची..." बोलता बोलता तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि लोण्याची सुरी हवेतच राहिली. "म्हणजे दादांनी सांगितलं नाही तुम्हाला अजून?"

दादा म्हणजे तिचे मोठे दीर. म्हणजे आमचे हे.

मी म्हटलं, "सांगितलं की. पाटीचं तेवढं राहिलं असेल." आणि चहा प्यायले. तोंड भाजलं तरी प्यायले. जावेपुढे मी कच्ची पडले नाही, एवढंच काय ते त्या सकाळचं समाधान.

आमचं दुकान जुन्या सामानाचं. लोकांच्या माळ्यावरून उतरलेली कपाटं, आरसे, लंबकाची घड्याळं, पाय मोडलेल्या खुर्च्या घ्यायच्या, घासायच्या, दुरुस्त करायच्या, पॉलिश करायच्या आणि दुसऱ्या लोकांच्या दिवाणखान्यात पोचवायच्या. नजर यांची आणि हात माझे, असा तो धंदा उभा राहिला. जागा दोघांच्या नावावर आहे, त्यामुळे माझ्या सहीशिवाय तिथलं काही कुणाला देता येत नाही. आणि ते दुकान आमच्या ठकीचं, हे मी ती पाळण्यात होती तेव्हापासून धरून चालले होते. ठकी आमची एकुलती एक मुलगी. लहानपणी दुकानातल्या सामानात लाकडी बाहुलीसारखी गुमान बसून राहायची, म्हणून ते नाव पडलं आणि चिकटलं. शाळेतून सुटली की थेट दुकानात. खण उघडून हुंगायची आणि लाकूड कुठलं ते सांगायची. आता परगावी दुसऱ्याच्या कारखान्यात फर्निचरची चित्रं काढून देते. ते तात्पुरतं आहे, असं मी भेटेल त्याला सांगत आले होते. आणि इकडे दिराच्या ज्या मुलाला सागवान आणि प्लायवूड यांतला फरक सांगता येत नाही, त्याच्या नावाची पाटी रंगून तयार! कारागीर त्याला आतापासूनच 'छोटे मालक' म्हणायला लागले होते. मी आपली समजत होते, पोरं थट्टा करतायत.

या सहलीचा खर्च दिरानं का केला, तेही मग उजेडात आलं. त्याचा फरश्यांचा धंदा आहे, पैसा बक्कळ आहे. "दादा, वहिनी, जन्मभर राबलात, आता जरा जग बघा," असं म्हणून त्यानं तिकिटं हातात ठेवली, तेव्हा माझे डोळे भरून आले होते. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच. आणि मी त्या आवळ्याला गहिवरले होते, याचा मला सगळ्यात जास्त संताप आला.

खोलीत गेले तर हे पलंगाच्या कडेला बसून बूट घालत होते. शीळ वाजवत होते.

"गावात जुन्या वस्तूंची एक गल्ली आहे म्हणे," हे म्हणाले. "आवर लवकर. पुष्कळ दिवसांत शिकार नाही झाली."

मी यांच्या तोंडाकडे बघत राहिले. चेहरा धुतल्या तांदळासारखा. मनात आलं, तो बूटच उचलावा आणि... पण मी ठरवलं, विचारायचं नाही. स्वतःच्या तोंडानं सांगतात का बघू. जहाजावर परत येईपर्यंत मुदत दिली. तशी मी न्यायी बाई आहे.

बंदरावर उतरलो तशी आम्हाला बसमध्ये कोंबलं आणि प्रत्येकाच्या छातीवर एक पिवळं चिकटपत्र लावलं. हरवलो तर कोणत्या जहाजाला परत करायचं, ते त्यावर लिहिलेलं. आमची वाटाडी एक केशरी छत्रीवाली मुलगी होती. ऊन नाही, पाऊस नाही, पण छत्री सतत वर. तिच्या मागून मेंढरांसारखं चालायचं. दीर आणि जाऊ पुढे, कारण त्यांना सगळ्या फोटोंत आधी यायचं होतं.

पहिल्यांदा एक उंच मनोरा दाखवला. वर चढून जायला अरुंद गोल जिना. दीर आणि जाऊ खालीच थांबले, हे आणि मी चढलो. वर आमच्याशिवाय कोणी नव्हतं. खाली सगळं गाव, त्यापलीकडे समुद्र, आमचं जहाज तिथून साबणाच्या वडीएवढं दिसत होतं. नवऱ्यानं बायकोला काही सांगायचं असेल तर देवानं मुद्दाम घडवून द्यावी अशी जागा. हे धापा टाकत कठड्याला टेकले, माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता.

"बिजागरी बघितलीस का दाराची?" हे म्हणाले. "अस्सल आहे. हातानं ठोकलेली."

मी जिना उतरायला लागले.

मग एक राजवाडा. दोरी बांधून ठेवलेल्या खोल्या, त्या दोरीच्या अलीकडून बघायचं. राजाच्या पलंगापाशी हे दोरीवरून इतके वाकले की पहारेकऱ्याला खाकरावं लागलं. "पाय नंतरचे आहेत," हे माझ्या कानाशी कुजबुजले. यांना राजाच्या पलंगाच्या पायातलं खोटं दिसतं. स्वतःच्या घरातलं मात्र खुशाल झाकून ठेवता येतं. छत्रीवाली सांगत होती, राणीची खोली वेगळी होती, दुसऱ्या टोकाला. "शहाणी होती," मी मोठ्यानं म्हणाले. चार माणसं हसली. हेही हसले! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

बागेत दिरानं यांना बाजूला घेतलं. दोघं झाडाखाली उभे राहून बोलत होते. दीर मधूनच माझ्याकडे बघत होता आणि मी बघितलं की दात दाखवत होता. मग आला जवळ. "वहिनी, दमलात का? पाणी आणू?" इतक्या वर्षांत या माणसानं मला कधी पाण्याचं विचारलं नाही. माझ्या स्वतःच्या लग्नातसुद्धा पंगतीत मीच याला वाढत होते.

"नको," मी म्हटलं. "मला अजून कशाचीच तहान नाही."

जेवणानंतर मोकळा वेळ दिला. दीर आणि जाऊ अत्तरांच्या दुकानात शिरले. हे मला ओढून त्या जुन्या वस्तूंच्या गल्लीत घेऊन गेले.

इथं आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आम्ही खरेदी भांडून करतो. म्हणजे दुकानदाराशी नाही, एकमेकांशी. यांना वस्तू आवडली की हे उजवा कान खाजवतात. तो इशारा. मग मी त्या वस्तूला नावं ठेवायला लागायचं, हे गयावया करणार, मी यांना फाडून खाणार. दुकानदाराला वाटतं, या बिचाऱ्याला किती हौस आणि ही कजाग बया याला एक वस्तू घेऊ देत नाही. पहिल्यांदा तो थोडा उतरतो. मग हे 'नकोच मला काही' म्हणून हात झटकून बाहेर निघून जातात. मी मागं थांबते, जरा ओशाळल्यासारखं करते. तेव्हा दुकानदार खरा भाव सांगतो. आमच्या दुकानातलं निम्मं सामान असं आलंय. परमुलखात तर आणखी सोपं, कारण आमची भाषा कुणाला कळत नाही. नुसता सूर लागतो. सूर भांडणाचा ठेवायचा आणि तोंडाला येईल ते बोलायचं. मी डोळे वटारून विचारायची, "दूधवाल्याला नाही सांगितलंत ना?" आणि हे काकुळतीला येऊन म्हणायचे, "वरच्या टाकीचा नळ बंद केलाय गं." बाहेर पडून गाडीत बसलो की हसून हसून पोटात दुखायचं. आमच्या संसारातलं सगळ्यात जास्त हसणं त्या गाडीतलं आहे.

यांचं एक लाडकं वाक्य आहे. पहिला भाव कधी खरा नसतो. ते दुकानात ठीक आहे. पण हळूहळू घरात पण तेच सुरू झालं. मी एखाद्या गोष्टीला नाही म्हटलं की हे वाद घालत नाहीत, निघून जातात. चक्कर मारून येतात. मी उतरेन, अशी वाट बघतात. आणि मी उतरतेही, कारण कोणीतरी स्वयंपाक करायचा असतो.

त्या गल्लीतल्या तिसऱ्या का चौथ्या दुकानात हे थबकले. आत टर्पेंटाइनचा वास, घरच्यासारखा. लाकडी जमीन पायाखाली कुरकुरत होती. कपबश्यांच्या कानांना दोऱ्यानं किमतीच्या चिठ्ठ्या बांधलेल्या. दुकानदारीण खिडकीपाशी बसून एका खुर्चीची वेताची बैठक विणत होती. सुकलेली, लांब बोटांची बाई, गळ्यात मोजपट्टी. तिनं नुसती मान हलवली आणि पुन्हा विणायला लागली. मला ती आवडली.

कोपऱ्यात एक आरसा होता. टेबलावर ठेवायचा, खाली दोन छोटे खण, वर अक्रोडाची चौकट, काचेवर पाऱ्याचे काळे ठिपके आलेले. यांनी खिशातून किल्ली काढून तिचं टोक काचेला टेकवलं. खऱ्या टोकात आणि आरशातल्या टोकात फट जवळजवळ नव्हतीच. काच जितकी पातळ तितकी फट कमी, आणि इतकी पातळ काच आता कोणी करत नाही. खण उघडून यांनी आत नाक खुपसलं. मग दुकानदारिणीला भाव विचारला. तिनं कागदाच्या चिटोऱ्यावर आकडा लिहून दाखवला.

यांनी उजवा कान खाजवला.

"घ्या, घेऊन टाका!" मी सुरू केलं. "आरसाच हवा ना तुम्हाला? तोंड बघायला? बघा की मग एकदा नीट!"

"अगं, पण किती सुंदर आहे," हे रडकुंडीला येऊन म्हणाले आणि दुकानदारिणीकडे बघून खांदे पाडले. मग त्याच सुरात, "गॅसची नळी बदलून घ्यायची राहिली बघ."

"तुमच्या दुकानात मी हात झिजवले. पॉलिश करून करून माझ्या नखांचा रंग गेला. आणि तुम्हाला मला विचारावंसं वाटलं नाही!"

"वा," हे तसंच तोंड पाडून म्हणाले. "आवाज आणखी चढव. ती बघतेय."

"मी खरं बोलतेय!"

"हे तर फारच छान. चालू ठेव." आणि आरशातून यांनी मला डोळा मारला.

तो डोळा बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवरा फसवतो, ते एक वेळ सोसता येतं. पण मी जीव तोडून बोलावं आणि यांनी माझ्या अभिनयाला दाद द्यावी!

"मी सही करणार नाही," मी म्हणाले. "ऐकताय का? मेले तरी करणार नाही. माझ्या ठकीच्या तोंडातला घास काढून पुतण्याला भरवताय? पाटीसुद्धा रंगवून झाली? सोनेरी? आणि मला ते कळावं कुणाकडून, तर पावाला लोणी लावणाऱ्या जावेकडून!"

आरशात यांचा चेहरा मला समोरच दिसत होता. डोळा अर्धवट मिटलेला तसाच राहिला. मग रंग उतरला. मला वाटलं, आता बोलतील. एवढा वेळ मनोऱ्यावर, बागेत जे गिळून ठेवलं ते आता बाहेर पडेल.

तेवढ्यात दुकानदारिणीनं वेत खाली ठेवला आणि चिटोऱ्यावरचा आकडा खोडून दुसरा लिहिला. चांगलाच कमी. यांनी त्या आकड्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. आणि हात झटकले.

"नकोच मला काही!" हे म्हणाले, नेहमी म्हणतात तसंच, आणि दार ढकलून बाहेर गेले.

मी तिथंच उभी राहिले. पळून जायला यांना रोजचंच दार सापडलं होतं. आता नियमाप्रमाणे मी ओशाळायचं, बाईनं आणखी उतरायचं, मी आरसा घेऊन बाहेर जायचं आणि सगळं संपलं असं समजायचं. दुकानदारिणीनं मला बसायला स्टूल दिलं. पेलाभर पाणी आणून दिलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून दाराकडे बघत तिनं तोंड वाकडं केलं, नवरे सगळीकडे सारखेच असतात, अशा अर्थानं. मग चिटोरा घेतला आणि आणखी एकदा आकडा कमी केला.

मी तिच्या हातातून पेन्सिल घेतली. तिचे दोन्ही आकडे खोडले आणि पहिला, सगळ्यात मोठा आकडा पुन्हा लिहिला.

तिला वाटलं मला कळलं नाही. तिनं मान हलवली, शेवटच्या आकड्यावर बोट ठेवलं. मी पहिल्यावर ठेवलं. असं दोन-तीनदा झालं. बाजारात अशी घासाघीस कोणी बघितली नसेल. शेवटी मी दोघांच्या खात्याचं कार्ड काढून तिच्यासमोर ठेवलं. ती माझ्याकडे, माझं डोकं फिरलंय अशा नजरेनं बघत होती आणि ते तिचं फारसं चुकत नव्हतं. तिनं आरसा जुन्या कांबळ्यात गुंडाळून, सुतळीनं बांधून दिला, वर पितळेची एक जुनी कडी फुकट दिली. धंद्यात आल्यापासून मी पहिल्या भावाला घेतलेली ही पहिली वस्तू. मला इतका आनंद झाला की भीतीच वाटली.

गल्लीच्या तोंडाशी चौक होता, मध्ये कोरडं कारंजं. हे त्याच्या काठावर बसले होते. मला बघून उठले. माझ्या हातातलं गाठोडं बघितलं आणि पहिला शब्द काय काढला असेल?

"कितीला?"

"पहिल्या."

"म्हणजे?"

"पहिल्या भावाला. तिनं सांगितला तोच. ती उतरत होती, मी उतरू दिलं नाही."

माणसाला विंचू चावला की तो असा बघतो. "तू? पहिल्या भावाला? अगं, धंद्यात तोंड दाखवायला जागा राहील का? वेड लागलंय तुला?"

"हो, लागलंय. आणि आता मी बोलणार तेही पहिल्याच भावाला. सही करणार नाही. उद्या नाही, परवा नाही, तुम्ही शंभर चकरा मारून आलात तरी नाही. तुमच्या भावाला सांगा, पाटी न्हाणीघरात लाव. पोराला सांगा, बापाच्या फरश्या विक. दुकान ठकीचं आहे."

"आधी तो आरसा खाली ठेव. पडेल."

"नाही ठेवणार."

"तिला नकोय दुकान," हे म्हणाले.

इतक्या हळू म्हणाले की मला आधी वाटलं, आरशाबद्दलच काहीतरी बोलतायत.

"कुणाला?"

"ठकीला. मागं आली होती ना चार दिवस, तेव्हा बोलली. तू बाजारात गेली होतीस. म्हणाली, बाबा, मी दुकानात नाही बसणार, त्याला द्या, त्याला हौस आहे. आईला सांगू नका, मी म्हणाले म्हणून. तुमच्यावर घ्या."

"खोटं."

"शपथ घातली तिनं मला."

"साफ खोटं! चोराच्या उलट्या बोंबा! भावानं पढवलंय तुम्हाला, बागेत झाडाखाली. आता लेकीच्या नावावर खपवताय?"

"मग मी म्हटलं, येऊ दे माझ्यावर. माझ्याशी भांडेल, त्याची आपल्याला सवय आहे." हे पुन्हा कारंज्याच्या काठावर बसले. "तुझ्या जावेनं आधीच घाण केली. मी तुला जहाजावर सांगणार होतो. शेवटच्या दिवशी."

"शेवटच्या दिवशी! म्हणजे तिकिटं वाया जायला नकोत."

चौकात कबुतरं होती, आमच्यासारखीच छातीवर पिवळी चिकटपत्रं लावलेली दुसऱ्या जहाजांची माणसं होती, आईस्क्रीम खात आमच्याकडे बघत होती. मी आरसा यांच्या मांडीवर आदळला, पर्समधून फोन काढला आणि ठकीला लावला.

तिनं उचलला. तिचं "बोल आई" पुरतं व्हायच्या आत मी तोंड सोडलं. "तुझ्या बापाची कमाल झाली! दुकान पुतण्याच्या घशात घातलं आणि वर माझ्यासमोर तुझं नाव घेतायत! म्हणे तूच नको म्हणालीस! तुझ्यासाठी मी माझे हात झिजवले, आणि हा माणूस..." बराच वेळ मी बोलत होते. काय काय बोलले ते सगळं आठवतही नाही. यांना जेवढं ऐकवायचं राहून गेलं होतं, ते सगळं मी तिला ऐकवलं.

तिनं मला मध्ये तोडलं नाही. मी श्वास घ्यायला थांबले तेव्हा ती अगदी शांतपणे म्हणाली, "आई, समोर दुकानदार आहे का?"

"काय?"

"नाही, म्हणजे हे खरं आहे, का भाव पाडायचं चाललंय? भाव पाडायचा असेल तर तुझं होऊ दे. मी फोन धरून थांबते."

हे माझ्याकडे बघत नव्हते, सुतळीची गाठ नखानं उकरत बसले होते.

"दुकानदार नाहीये," मी म्हटलं. "चौकात आहोत आम्ही."

"मग बाबांनी सांगितलं ते खरं आहे," ठकी म्हणाली. "मला नको दुकान."

"का? काय कमी होतं तुला तिथं? तुझी शाळा, तुझा अभ्यास, सगळं तिथंच झालं की!"

"तेच तर. आई, तुम्ही गाडीत येऊन हसायचात ना? मी मागच्या सीटवर असायचे. माझं रडणं थांबलेलं नसायचं. तुम्हाला वाटायचं, पोर दमलीय. आणि मग घरी भांडलात की मी दाराशी उभी राहून वाट बघायचे, आता हसतील, आता हसतील. कधी हसायचात, कधी नाही. मला कधी ओळखता आलं नाही गं, कुठलं कुठलं ते. मला आता नाही बसायचं तिथं."

तिला जवळ घ्यावंसं वाटलं, लहान असल्यासारखं मांडीवर घ्यावंसं वाटलं. हे मी तिला सांगायला हवं होतं. पण जन्मभर मला एकच आवाज येतो, तोच आला. "मग हे आधी बोलायला तोंड नव्हतं का तुला? मी काय वैरीण आहे तुझी?"

पलीकडून काही आवाज आला नाही.

"मी खरं बोलतेय, ठके!" मी ओरडले. आईस्क्रीमवाली माणसं वळून बघायला लागली. गल्लीतून केशरी छत्री येताना दिसली, आमचा घोळका गोळा करत. "तुला कळतंय का? मी खरं बोलतेय!"

"बरं," ठकी म्हणाली.

अगदी गोड म्हणाली. आमच्या दुकानात मोठ्या आवाजाचं गिऱ्हाईक आलं की ती असंच बरं म्हणायची, आणि लहानपणी मी कुशीत घेतलं की तेव्हाही असंच म्हणायची. यांतलं ते कुठलं होतं, ते मला ओळखता आलं नाही. मी फोन कानाशी धरून उभी राहिले, आणि तिनं आणखी एकदा म्हणावं म्हणून वाट बघत राहिले.